कोळंबी कुठल्या तळ्यातली, हे विचारायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात हायवेलगत एका भावाचं मासळीचं हॉटेल आहे. कोळंबी आणि बासा तो आंध्रातून येणाऱ्या मालातून घेतो, रोहू-कटला भुसावळहून. पुण्याहून आलेल्या एका मुलीने जेवताना विचारलं, "ही शेतातली, म्हणजे तळ्यात पाळलेली कोळंबी आहे ना? तिथल्या पाण्याचं, मजुरांचं काय?" भावाने पुरवठादाराला विचारलं, तर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक सर्टिफिकेट पाठवून दिलं. आता भावाचं म्हणणं आहे की या कागदावर विश्वास ठेवावा का, आणि ठेवू नये तर आमच्यासारख्या छोट्या माणसाने तपासायचं तरी काय?

भाऊ, कागद खोटा नाही. पण तुम्ही समजताय ते तो सांगत नाही. फोटोत बीएपीचा (बेस्ट अ‍ॅक्वाकल्चर प्रॅक्टिसेस, म्हणजे पाळलेल्या मासळीसाठीचं एक प्रमाणपत्र) शिक्का आहे आणि त्याखाली एकच तारा आहे. या पद्धतीत चार कड्या धरतात: प्रक्रिया कारखाना, तळं, बीजकेंद्र (जिथे पिल्लं तयार होतात) आणि खाद्याचा कारखाना. जेवढ्या कड्या तपासल्या तेवढे तारे. तुमच्या कागदावर नाव कारखान्याचं आहे, म्हणजे तपासला तो कारखाना. फरशी धुतलेली आहे, बर्फ चांगल्या पाण्याचा आहे, शीतगृहाचं तापमान नोंदवलं जातं, असं कारखान्यापुरतं त्यातून कळतं. कोळंबी ज्या तळ्यात वाढली त्याबद्दल तो कागद गप्प आहे, आणि त्या मुलीने विचारलं होतं ते तळ्याबद्दल.

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली सात वर्षं एका खाद्य कंपनीचा माणूस म्हणून आंध्रातल्या भीमावरमच्या आसपासची तळी फिरलो, नंतर निर्यातदारांसाठी तळी आणि कारखाने तपासायला लागलो. घर चोपड्याकडचं, त्यामुळे दर दिवाळीला इकडच्या बाजारात उभं राहून तिकडचा माल बघायची सवय लागली. एवढ्या वर्षांत एक खूण पटली आहे. पुरवठादार ज्या कडीबद्दल भरभरून बोलतो ती बहुतेक ठीक असते. ज्या कडीचं नाव काढलं की तो विषय बदलतो, तपासणी तिथून सुरू करायची.

कोळंबीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात लांबची साखळी तिचीच आहे. आज तुमच्या कढईत पडते ती बहुतेक वन्नामेई. ही मूळची इथली नाहीच, अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्याकडे तिला २००९ साली परवानगी मिळाली. त्याआधी टायगर कोळंबी होती, तिला पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने झोपवलं. टायगरच्या तेजीत किनाऱ्यावर इतका धुमाकूळ झाला की १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला किनारपट्टीच्या नियमनक्षेत्रातल्या कोळंबी शेतीवर निर्बंध घालावे लागले, आणि २००५ साली किनारी जलशेती प्राधिकरणाचा कायदा आला. त्यामुळे "खारफुटी तोडून तळी केली का?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण आंध्रातल्या आजच्या मालासाठी तो पहिला प्रश्नही नाही. तिथली कितीतरी तळी भातखाचरं खणून झाली आहेत. तिथे विचारायचं ते मिठाचं. तळ्यातलं खारट पाणी शेजारच्या भातात आणि विहिरीत झिरपतं का, आणि कोळंबी काढल्यावर तळं रिकामं करतात तेव्हा ते पाणी कुठल्या नाल्यात सोडतात? बांधाच्या पलीकडे ज्याचं भाताचं शेत आहे त्या माणसाशी पाच मिनिटं बोललं की हे कळतं. तळ्याचा मालक कधी सांगत नाही.

मग खाद्य. इथे जरा हिशोब करू, कारण "शेतातली मासळी खाल्ली की समुद्र वाचतो" हे वाक्य मी हॉटेलांच्या मेनूवरही वाचलं आहे. एक किलो कोळंबी तयार व्हायला साधारण १.४ किलो खाद्य लागतं. त्यात फिशमील २० टक्के धरलं तर २८० ग्रॅम झालं. एक किलो फिशमील करायला चार-साडेचार किलो ओली मासळी वाळवून दळावी लागते. म्हणजे एक किलो कोळंबीमागे समुद्रातली सव्वा किलोच्या आसपास मासळी गेली. काही फिशमील डोकी-काट्यांच्या उरलेल्या मालापासून होतं, तेव्हा आकडा खाली येतो, पण शून्यावर येत नाही. ही दळली जाणारी मासळी म्हणजे तारली आणि तिच्यासारखी छोटी मासळी. किनाऱ्यावरचा गरीब माणूस तीच खातो, आणि वाळवलेली छोटी मासळीच आपल्या आठवडे बाजारात सुकट म्हणून येते.

रोहू-कटल्याचा हिशोब एकदम वेगळा आहे. आंध्रातल्या मोठ्या तळ्यांवर तांदळाचा तेल काढलेला कोंडा, शेंगदाणा पेंड आणि सरकीची पेंड भोकं पाडलेल्या गोण्यांत भरून बांबूला टांगतात आणि मासे येऊन गोणीला तोंड लावतात. त्यात समुद्र कुठेच नाही. सरकीच्या पेंडीचं नाव काढलं की खान्देशी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही, आपल्या म्हशी त्याच्यावरच दूध देतात.

औषधाच्या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे, ते सांगतो. गोष्ट २०१४ची. एका तळ्याची नोंदवही इतकी नीटनेटकी होती की मी खुश झालो. रोजचा पीएच, ऑक्सिजन, खाद्य सगळं लिहिलेलं. औषधाच्या रकान्यात प्रत्येक पानावर "निरंक". मी होकार दिला, माल निघाला, आणि प्रयोगशाळेत नायट्रोफ्युरानचा अंश सापडला. हे बंदी असलेलं प्रतिजैविक आहे. युरोपला जाणाऱ्या मालात त्याचा अंश सापडला की आख्खी खेप नाकारली जाते. मालक रडकुंडीला आला. मी औषध वापरलंच नाही, म्हणून शपथा घेत होता. दुसऱ्या फेरीत मी गोदामात गेलो तेव्हा खाद्याच्या गोण्यांमागे एका निळ्या पिंपात पांढऱ्या पुड्या सापडल्या. पुडीवर हाताने "प्रोबायोटिक" लिहिलेलं. कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, बॅच नाही. त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं की तो काय टाकतोय. विकणारा येऊन "कोळंबीचं पोट साफ राहील" म्हणाला आणि याने घेतलं. त्याचं खोटं नव्हतं, पण मी वहीतल्या अक्षरावर भाळलो होतो. तेव्हापासून मी आधी गोदाम बघतो आणि वही शेवटी.

निर्यातीच्या कोळंबीची काढणीपूर्वी अशा औषधांसाठी चाचणी होते आणि तळ्यालाही नोंदणी क्रमांक असतो. देशातल्या बाजारात तो कागद कोणी मागत नाही. तुम्ही मागितलात तर पुरवठादार चमकेल, पण निर्यातदाराच्या तळ्यातला माल असेल तर कागद त्याला मिळू शकतो. "इथल्या मालाला लागत नाही" असं उत्तर आलं तर ते नियमाला धरून आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

गोदामात आणखी एक काम होतं, आणि माझ्या मते अख्ख्या तपासणीतलं ते सगळ्यात खरं. रिकाम्या गोण्या मोजायच्या. खाद्याची गोणी २५ किलोची. समजा ६०० गोण्या लागल्या, म्हणजे १५ टन खाद्य. तेवढ्यात कोळंबी १० ते १२ टन निघते. मालकाने १२ टन विकल्याचं दाखवलं तर ठीक, व्यवस्थापन चांगलं आहे. २० टन दाखवलं तर आठ टन कोळंबी हवा खाऊन वाढली का? नाही. ती शेजारच्या, कुणी न तपासलेल्या तळ्यांतून आली आणि या तळ्याच्या कागदावर चढली. मला असे हिशोब दोनदा सापडले. दोन्ही वेळा वही सुंदर होती.

मजुरांचं. तळ्यावर राखण करणारं जोडपं बांधावरच्या झोपडीत राहतं, बहुतेक परजिल्ह्यातलं किंवा परराज्यातलं. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत: उचल किती घेतली, सुट्टी कधी मिळाली, आधार कार्ड कुणाकडे आहे. कार्ड मालकाकडे असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही. सोलणीचा भाग आणखी अवघड. एका शेडमध्ये मी हिवाळ्यात सकाळी सहाला उभा होतो. बायका बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलत होत्या, मजुरी किलोवर. एकीने हात बाहेर काढून दाखवला तर बोटांची टोकं धुण्यावरच्या बाईच्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली, मधे कवचाच्या काट्याने चिरलेली. हातमोजे दिले होते, पण मोजे घालून हात भरभर चालत नाही आणि किलो भरत नाहीत. मोज्यांचा खोका "पुरवले" म्हणून वहीत होता. किलोवर मजुरी असेल तिथे मोज्यांचा खोका किती खरा, हे तुम्हीच ठरवा. मार्च २०२४मध्ये भारतातल्या कोळंबी उद्योगातल्या मजुरीबद्दल अमेरिकेतून बातम्या आल्या तेव्हा आपल्याकडे बरेच जण रागावले. मला राग आला नाही. सगळे कारखाने तसे नाहीत, चांगलेही मी पाहिले आहेत, पण अशी शेड मी डोळ्यांनी पाहिली आहे.

हॉटेलवाल्यासाठी याचा उपयोग काय? सोललेली कोळंबी घेता तेव्हा ती कुठल्या कारखान्यात सोलली, आणि तिथल्या बायकांना ईएसआय-पीएफ आहे का, एवढं विचारा. पीएफ असेल तर कुणीतरी हजेरी लिहितो, आणि हजेरी लिहिली जाते तिथे निदान तक्रार करायला काहीतरी कागद असतो. उत्तर मिळत नसेल तर डोक्यासकट आख्खी कोळंबी घ्या आणि तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या माणसांकडून सोला. डोकी-टरफलांचा रस्सा फुकटात मिळतो, आणि आपल्या काळ्या मसाल्यात तो सोललेल्या मालापेक्षा चांगलाच लागतो.

बाशाबद्दल थोडक्यात. बासा म्हणजे पंगॅशिअस जातीचा मासा. गोठवलेला माल व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातून येतो, आणि तोच मासा आपल्याकडच्या तळ्यांतही वाढतो. तिथे मला पर्यावरणापेक्षा काट्यावरची फसवणूक जास्त त्रास देते. फिलेटवर बर्फाचा थर चढवतात आणि फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून मांसात पाणी भरतात. एक पाकीट घ्या, चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्या आणि सकाळी वजन करा. किलोचं पाकीट ७५० ग्रॅमवर आलं तर तुम्ही पाव किलो पाण्याचे पैसे मोजलेत. जो वजनात खोटा बोलतो तो मजुरांबद्दल खरं बोलेल असं मी धरत नाही.

आता रोहू-कटला. तुमच्या प्रश्नात हा भाग ओझरता होता, पण मला वाटतं खान्देशी हॉटेलासाठी खरा प्रश्न हाच आहे. भुसावळला येणारा सगळा रोहू तापीतला असतो हा एक गोड गैरसमज. थर्मोकोलच्या खोक्यांत बर्फात आलेला रोहू बराचसा गोदावरी-कृष्णेच्या मुखाजवळच्या तळ्यांतला, हजारेक किलोमीटर प्रवास करून आलेला. त्याच भागात कोल्लेरू सरोवर आहे. अभयारण्य जाहीर झालं तरी सरोवराच्या आत तळी बांधत गेले, आणि २००६ साली सरकारला ती फोडायची मोहीम काढावी लागली. पेंडीवर वाढलेला, समुद्राला हात न लावणारा मासा, पण सरोवराच्या पोटातून आलेला असू शकतो. म्हणून आंध्रातला रोहू घेताना गाव विचारा, नुसता "आंध्रा" पुरत नाही.

मग धरणातली मासळी घ्यावी का? घ्यावी, पण "लोकल आहे" म्हणून डोळे झाकून नाही. हतनूर असो, गिरणा असो, धरणात सोडलेलं बीज धरणातलंच खाऊन वाढतं, खाद्य लागत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने यापेक्षा हलका मासा मिळणं कठीण. (रोहू-कटला मुळात गंगेकडचे, तापीत ते माणसाने आणले, पण आता तो वाद घालून उपयोग नाही.) अडचण वेगळीच आहे. तलावाचा ठेका कागदावर मच्छीमार सोसायटीचा असतो. पैसा मात्र कितीतरी ठिकाणी बाहेरच्या ठेकेदाराचा असतो, आणि सोसायटीचे सभासद त्याच्याकडे किलोवर मजुरी घेऊन मासे धरतात.

तापीकाठच्या एका धरणावर दोन वर्षांपूर्वी मी पहाटे गेलो होतो. थर्मोकोलच्या तराफ्यावरून दोन भाऊ जाळी उपसून आले. कटला मोठा, चकचकीत. ठेकेदाराच्या माणसाने काटा लावला, मोठ्याने "तीन" म्हणाला आणि वहीत तीन लिहिलं. मी शेजारीच होतो. काटा तीन किलो चारशेवर होता. वरचे चारशे "घट". त्यातल्या एकाची बायको टोपली उचलत होती. मी तिला म्हटलं, तुमचं धरण, तुमची सोसायटी, काही बोलत का नाही? ती हसली. "काटा त्यासना, वही त्यासनी, पानी तेवढं आमनं."

तोच कटला तासाभरात बाजारात "ताजा, लोकल" म्हणून आला. त्या दिवशी मी आंध्रातल्या एका नीट चालवलेल्या तळ्याचा माल आणि हा कटला शेजारी ठेवून विचार केला, तेव्हा मजुरीच्या बाबतीत आंध्रातलं तळंच वरचढ ठरलं. हे सांगायला मला आवडत नाही, मी इथलाच आहे. पण तपासणीत गावाकडचा पक्ष घ्यायचा नसतो.

उलट उदाहरणही आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्या आदिवासींनी स्वतःच्या मच्छीमार सोसायट्या उभ्या केल्या. जी सोसायटी स्वतः मासे धरते आणि स्वतः विकते तिथून मासळी आणणं तुम्हाला परवडलं तर माझ्याकडून शंभरपैकी नव्वद गुण. दहा कापले ते बर्फाचे. तिकडे बर्फ आणि गाडी वेळेवर मिळणं हीच मोठी अडचण आहे, मे महिन्यात तर विचारू नका.

शेततळ्यातल्या मासळीचं खूळ रावेर-यावलकडे वाढतंय, म्हणून तेही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पावसाचं किंवा पाटाचं पाणी साठवून मासे सोडले आणि तेच पाणी केळीला दिलं, तर फारच छान. खतही त्यातच. फक्त ठिबकला जोडण्याआधी वाळूचा फिल्टर नीट हवा, नाहीतर शेवाळाने ठिबकच्या नळ्या बंद पडतात आणि शेतकरी माशांना शिव्या देतो. पण केळीपट्ट्यात बोअर आधीच खोल खोल चालले आहेत. तिथे उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याने शेततळं भरून पंगॅशिअस वाढवत असतील, तर तो मासा माझ्या लेखी शाश्वत नाही, मग मालक कितीही भला असो.

थाई मागूरवर जास्त शब्द खर्च करत नाही. त्याला देशात बंदी आहे, तो कोंबडीच्या आतड्यांवर वाढवतात आणि सुटून नदीत गेला तर तिथले मासे खातो. दोन-तीन किलोचा जिवंत मागूर कुणी "गावठी" म्हणून दाखवला तर फटफटी वळवा. आपला मागूर तेवढा होत नाही.

तुमच्या पुरवठादाराला फोन करताना एकदम दहा प्रश्न विचारू नका, तो घाबरून सगळ्याला "हो" म्हणेल. पुढच्या खेपेच्या आधी एवढंच विचारा: कोळंबी कुठल्या गावच्या तळ्यातली आणि कुठल्या तारखेला काढली? भुसावळला मी एकदा असंच विचारलं, "हाऊ माल कथाईन उना भाऊ?" (हा माल कुठून आला?) समोरून शांतपणे उत्तर आलं, "मारकेटमाईन." बरेच जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. त्याला म्हणा, घाई नाही, दोन दिवसांनी सांग. गाव आणि तारीख आली तर पुढच्या महिन्यात तळ्याचा नोंदणी क्रमांक मागा, मग काढणीपूर्व चाचणीचा कागद, मग सोलणीचा कारखाना. दर महिन्याला एक. चार महिन्यांत तुम्हाला कळेल की हा माणूस साखळीत कुठपर्यंत पाहू शकतो. आणि त्यालाही कळेल की जळगावातला एक गिऱ्हाईक दराशिवाय आणखी काही विचारतो. महिन्याला तुमची कोळंबी शंभर किलो लागत असेल तर तुमच्यासाठी आंध्रातलं तळं बदलणार नाही. पण तो ज्या तळ्यांतून उचलतो त्यातलं कुठलं तुमच्याकडे पाठवायचं, हे त्याच्या हातात असतं.

त्या मुलीला तोवर काय सांगायचं? जे माहीत आहे तेवढंच. कारखाना तपासलेला आहे, तळ्याचं विचारलंय, उत्तर आलेलं नाही. मेनूवर "शाश्वत" लिहू नका. "कटला, अमुक धरण, अमुक सोसायटी" एवढं खरं लिहिता आलं तर लिहा, आणि ते लिहिण्याआधी एकदा पहाटे त्या धरणावर जाऊन काट्याजवळ उभे राहा. खिशात एक किलोचं वजन ठेवा. काट्यावर ठेवून बघायला बरं पडतं.